मल्चिंगचे मुन्सफ

कुकडी आणि घोड यांच्या खोऱ्यांत, जिथवर येडगाव-डिंभ्याचे पाणी कालव्यांनी पोहोचले आहे तिथवरच्या प्रत्येक गावी, एक असामी अशी आढळतेच की जिला स्वतःच्या रानापेक्षा रानावर अंथरावयाच्या प्लास्टिकच्या रंगाविषयी अधिक आस्था असते. नारायणगावाकडे तिला आबा म्हणतात, मंचरकडे नाना. आपण आबाच म्हणू. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, डोक्यास पांढरी टोपी, आणि बैठक कृषी सेवा केंद्रात, खताच्या गोण्यांना पाठ लावून. दुकानदार त्यांना उठवीत नाही, कारण त्यांच्यापाशी गिऱ्हाईक थांबते, आणि थांबलेले गिऱ्हाईक मल्चिंगचा पेपर नाही तरी औषधाची एखादी बाटली घेतल्यावाचून सहसा परतत नाही.

उन्हाळी टोमॅटोचे बेड पडले, ठिबकाच्या नळ्या पसरल्या आणि रोपवाटिकेतली रोपे पंचवीस दिवसांची झाली, की आबांच्या कचेरीत कामकाजास प्रारंभ होतो. त्यांचा युक्तिवाद चंदेरी-काळ्या पेपरापासून सुरू होतो आणि, खरे सांगावयाचे तर, तेथेच संपावयास हवा; कारण वरची चंदेरी बाजू उजेड परतवून मावा आणि पांढरी माशी यांना रोपावर उतरण्यापूर्वीच दिङ्मूढ करते, खालची काळी बाजू तणास प्रकाश मिळू देत नाही, आणि २०२० साली शेतकऱ्यांनी ज्यास ‘तिरंगा’ म्हटले त्या टोमॅटोवरील रोगाच्या नमुन्यांत माव्यामार्फत पसरणारा कुकुंबर मोझॅक विषाणू आढळल्यापासून, मावा दूर ठेवण्याची किंमत येथल्या पोरासोरांसही ठाऊक झाली आहे. परंतु ज्या खटल्याचा निकाल सर्वांस आधीच ठाऊक आहे, तो चालविण्यात मुन्सफास गोडी कसली?

म्हणून आबा अमेरिकेत शिरतात. तेथे दक्षिण कॅरोलिना प्रांतात कॅस्परबॉअर नामक शास्त्रज्ञाने तांबड्या पेपरावर टोमॅटो लावून पाहिला. त्या पेपरावरून परतणाऱ्या किरणांत दूर-तांबड्या प्रकाशाचा अंश अधिक, त्यामुळे रोपास असा भास होतो की शेजारी दुसरे कोणी माजत आहे, आणि त्या ईर्षेने ते शेंड्याकडे आणि फळाकडे जोर लावते, ही हकीकत आबा इतक्या रंगून सांगतात की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा निवतो. एकदा खोडदकडच्या एका शेतकऱ्याने हे सारे निमूटपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आबा, आपल्या रानात भावकी जागी करायला पेपर कशाला लागतोय?” आबांनी ही हरकत विषयाबाहेरची म्हणून नामंजूर केली.

पिवळ्या रंगावर पांढरी माशी येते आणि निळ्यावर फुलकिडे येतात, म्हणूनच चिकट सापळे त्या रंगांचे असतात, हे आबा जाणतात. तरीही ‘बांधाकडेला एक पट्टा पिवळा टाकून किडीस तिकडेच गुंतवावे’ असा त्यांचा एक तहनामा कित्येक हंगामांपासून मसलतीत पडून आहे. पांढरा जमीन थंड ठेवतो, काळा तापवितो. पारदर्शक अंथरला तर जमीन चांगली ऊब धरते, मात्र त्याच उबेत तणही बाळसे धरते. हे ज्ञान खरे आहे, आणि आबांस हसणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. एका तरुणाने ऐन एप्रिलात काळी बाजू वर करून पेपर अंथरला आणि रोपांच्या माना पोळल्या, तेव्हा त्या बेडांचा पंचनामा आबांनीच केला होता, बोटांनी पेपराची कड उचलून, दोन्ही बाजू साक्षीदारांस दाखवून, आणि शेवटी त्या पोरास स्वतःच्या पदरचा चहा पाजून.

फक्त लव्हाळ्याचे नाव त्यांच्यासमोर काढू नये. पंचवीस मायक्रॉनच्या कोणत्याही रंगाला आरपार छेदून वर येणाऱ्या त्या गवताविषयी आबांच्या दप्तरात एकही नोंद नाही.

दुकानाच्या मांडणीवर पाहावे तर चार फुटी, चारशे मीटरची बंडले बहुधा एकाच जातीची, चंदेरी-काळी. तांबडा मागवावा लागतो, आणि तो येईपर्यंत लागवडीची मुदत टळते. त्यामुळे आबांच्या न्यायासनापुढे दाद मागणारा प्रत्येकजण अखेरीस चंदेरी बंडलच दुचाकीवर आडवे टाकून घरी जातो, आणि आबाही ‘तूर्त चालवून घे’ एवढा हुकूम देऊन प्रकरण पुढील हंगामापर्यंत तहकूब करतात. त्यांच्या स्वतःच्या रानात तर हे बंडल त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, मजुरांकरवी केव्हाच अंथरून घेतलेले असते; आबांस त्याची वार्ता लागते ती वाटेवरच्या कोणाकडून.

काकूंचा रंगाविषयी काही आग्रह नाही. त्यांचे म्हणणे निराळे आहे. हंगाम सरला, सुतळ्या-बांबू निघाले, की उन्हाने विटून चिंध्या झालेला तो पेपर मजूर बायांबरोबर वाकून वेचावयाचा त्यांनी. राहिलेल्या चिंध्या रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळल्या की ट्रॅक्टरवाल्याचे बोलणे ऐकावयाचे त्यांनी. आणि वाऱ्याने बांधावरच्या बाभळीत अडकलेले तुकडे काठीने काढावयाचे तेही त्यांनीच. गेल्या हंगामात त्या डोईचा पदर सावरीत थेट दुकानातच आल्या आणि भर कचेरीत विचारत्या झाल्या, “अहो, रंग कोणता घालायचा ते ठरवताय, पण तो काढायचा कोणी, ते कधी ठरवणार?”

आबांनी टोपी सारखी केली, क्षणभर विचार केला, आणि म्हणाले, “ते खातं माझ्याकडं नाही.” मग समोरच्या गिऱ्हाइकाकडे वळून त्यांनी विचारले, “बोल बाळा, बेड केवढा सोडलाय?”