तबकडी, तळं आणि आपला नेम

डिस्क गोल्फ म्हणजे गोल्फच. फक्त चेंडूऐवजी तबकडी आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लटकवलेली टोपली. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात एड हेडरिक यांनी त्याचं पहिलं कायमस्वरूपी मैदान आखलं. मग आपल्या लोणावळ्याच्या वलवण तळ्याकाठी एखादं तात्पुरतं आखायला काय हरकत आहे?

खेळाडू तयारच आहेत. रविवारचा पाहुणा भज्यांची कागदी ताटली मनगटाच्या एका झटक्यात अशी तरंगत सोडतो की प्रशिक्षकानं बघत राहावं. टोपलीही दोन हातांवर असते, तिला आपण कचराकुंडी म्हणतो. नेम तेवढा तिथेच चुकतो.

आखणारा शहाणा असेल तर आधी वारा बघतो, टोपल्या काठापासून आत घेतो. कारण या खेळाच्या बहुतेक तबकड्या पाण्यात बुडतात. आपल्या ताटल्या, पिशव्या मात्र इमानदार, तरंगत राहतात. वलवणचं पाणी १९१५ साली सुरू झालेल्या खोपोलीच्या वीजघराकडे जातं. त्यानं वीज करायची की आपलं उष्टं वाहायचं?

तात्पुरतं मैदान संध्याकाळी गुंडाळून गाडीत टाकता येतं. आपलं मात्र कायमस्वरूपी आहे.