गिरणीच्या काट्यावर लॅपटॉप

मी कुणाचं नाव घेणार नाही. पण गेल्या रविवारी ज्वारीचं दळण घेऊन गिरणीत गेले, तर माझ्या आधी काट्यावर एक लॅपटॉप बसलेला! पुसून लख्ख, खाली घरून आणलेला धुवट पंचा अंथरलेला, न जाणो पीठ लागेल. भोवती सात-आठ बाप्ये, श्वास रोखून. आकडे थरथरले आणि थांबले. १.१९०. असा गलका झाला की बैलगाडा घाट चढून गेल्यावरच तसा होतो.

मी आपली सहज विचारायला गेले, "पंचा धरून की सोडून?" एकही माणूस हसला नाही. ज्यांचा लॅपटॉप होता ते (वरच्या आळीतले, दारात दोन बुलेट आहेत ते; यापुढे बोलायची सोय नाही) माझ्याकडे असे बघायला लागले, की मी त्यांच्या बांधावरचं झाडच तोडलंय. गिरणीवाल्या दादांनी खडू उचलून भिंतीवर आकडा लिहिला. त्या भिंतीवर आजवर गहू, ज्वारी आणि तांदळाच्या पिठीचे दर असायचे. आता त्याखाली नऊ लॅपटॉपांची वजनं आहेत, चढत्या क्रमाने. इंद्रायणी तांदूळ एकरी किती उतरला हे आमच्या रिहे गावात आता कुणी सांगत नाही, पण कुणाचं यंत्र किती ग्रॅम, ते शेंबडं पोर सांगेल.

काय काळ आला बघा! लॅपटॉप घेतला की लोक पूर्वी विचारायचे, केवढ्याला पडला. मग विचारायला लागले, रॅम किती. आता पहिला प्रश्न वजनाचा. परवा आमच्या खोऱ्यातल्याच एका गावी स्थळ बघायला मंडळी आली. मुलगा हिंजवडीत नोकरीला, गोरागोमटा, पगार बरा. तो घरातूनच काम करणारा, म्हणून बॅग बरोबर. मुलीच्या मामांनी पाहुण्याची बॅग आत ठेवायला उचलली आणि खांदा धरून खालीच बसले. आत गेम खेळायचा अडीच किलोचा लॅपटॉप आणि वर विटेएवढा चार्जर. मामा तिथल्या तिथे म्हणाले, "जावईबापू हाफिसात जातात का ऊस तोडायला?" स्थळ फिसकटलं. कारण पत्रिकेचं सांगितलं, ते सोडा.

पण हलक्या लॅपटॉपची ही गावातली पहिली साथ नव्हे. पहिली आली होती नेटबुकची, म्हणजे छोट्या, स्वस्त लॅपटॉपची, दोन हजार नऊ-दहाच्या सुमाराला. तेव्हा हिंजवडी-माणकडच्या जमिनींचा पैसा या बाजूला सोयरीकसंबंधांतून झिरपायला लागला होता. तेव्हाच्या एका लग्नाचं रुखवत मी या डोळ्यांनी पाहिलंय. अनारशांचा मनोरा, करंज्यांची नाव, लोकरीचा कुत्रा, आणि मधोमध चौरंगावर दहा इंची गुलाबी नेटबुक! बायका रांगेने येऊन त्याला हळदीकुंकू वाहत होत्या. सुवासिनींचा उत्साह दांडगा. कुंकू एंटरच्या बटणात गेलं आणि ते बटण जे रुतलं, ते पुढे संसारभर रुतलेलंच राहिलं.

त्या नेटबुकवर नव्या नवरीला एमएससीआयटीचा अभ्यास करायचा होता. चिवट पोरगी, पण तिचा घात केला उंचीने. तिच्या नव्हे, पडद्याच्या. या बहुतेक दहा इंची यंत्रांचा पडदा १०२४ बाय ६०० ठिपक्यांचा. आडवा पुरेसा, उभा बुटका. एखादी चौकट उघडली की तिचा खालचा भाग पडद्याबाहेर, आणि 'ओके'चं बटण नेमकं तिथेच. म्हणजे विचारायचं सगळं, उत्तर द्यायची जागा मात्र जमिनीखाली! एरवी माणूस एंटर दाबून सुटतो, पण हिच्या एंटरमध्ये कुंकू. ती बिचारी तासन् तास चौकट वर ओढायची. शेवटी दिराने ऑल्टचं बटण धरून खिडकी वर सरकवायची युक्ती दाखवली. त्यानंतर दीर-भावजयीत जे मेतकूट जमलं, त्यावरही गावात चर्चा झाली. रिह्यात कशावर होत नाही?

आता म्हणाल, असलं बुटकं यंत्र लोकांनी घेतलंच का? अहो, साऱ्या जगाने घेतलं. मूळ शोधायला गेलं तर एका चांगल्या हेतूच्या फजितीपर्यंत जावं लागतं. एमआयटीचे निकोलस नेग्रोपॉंटे यांनी २००५ साली जाहीर केलं, गरीब मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप करणार. वीज नसली तरी हॅंडल फिरवून चालवायचा. त्याच वर्षी ट्युनिसमध्ये त्याचा नमुना दाखवताना ते हॅंडल म्हणे संयुक्त राष्ट्रांचे महासचिव कोफी अन्नान यांच्या हातात निखळून आलं. सव्वा मण सोनं घालून घडवलेल्या कंठ्याची कडी तुटावी, तसं. आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये या योजनेला चक्क नकार दिला. तरीही २००७ मध्ये ती हिरवी-पांढरी यंत्रं आली कुठे, तर आपल्या डोंगराच्या पलीकडे, कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत! दिल्लीने दार लावलं आणि पाहुणा मागच्या दाराने कोकणात उतरला. शंभराचे तोवर एकशे अठ्ठ्याऐंशी डॉलर झाले होते. पण स्वस्तात छोटा लॅपटॉप होऊ शकतो, हा किडा बाजाराच्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

ऑक्टोबर २००७ मध्ये तैवानच्या असूसने सात इंची ई-पीसी काढला. वजन किलोच्या आत. आपल्याकडे एचसीएलने जानेवारी २००८ मध्ये 'माय लीप' आणला, १३,९९० रुपयांपासून. त्याच महिन्यात तिकडे स्टीव्ह जॉब्जने भर सभेत कागदी लिफाफ्यातून मॅकबुक एअर काढून दाखवला. किंमत १,७९९ डॉलर. म्हणजे एकाच महिन्यात हलकेपणाची दोन घराणी बाजारात उभी राहिली, एक दळणाच्या पैशातलं आणि एक दागिन्याच्या. आपण अर्थातच दळणाच्या रांगेत.

बाई गं, 'नेटबुक' या नावावरूनही कज्जा झाला, माहीत आहे? सायन नावाच्या ब्रिटिश कंपनीने १९९९ मध्येच स्वतःच्या यंत्राला ते नाव देऊन ठेवलं होतं. इंटेलने २००८ मध्ये तेच नाव सगळ्या लहानग्यांना लावलं. सायनच्या वकिलांच्या नोटिसा सुटल्या, डेल आणि इंटेल उलटे भांडायला उठले, आणि २००९ मध्ये सायनने नावावरचा हक्क सोडून दिला. बांधाचं भांडण असतं तर तीन पिढ्या पुरलं असतं. या लोकांनी सहा-सात महिन्यांत मिटवलं. भांडायचीही हौस नाही.

पण खरी कुजबुज करण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. नेटबुक मंद होतं ते केवळ स्वस्त म्हणून नव्हे, त्याला मंद ठेवलं होतं! इंटेलची अ‍ॅटम नावाची चिप आधीच अंगाने बारीक. त्यात विंडोज सवलतीत हवी तर मेमरी एक जीबीच्या वर न्यायची नाही, पडदा साधारण दहा इंचांत ठेवायचा, अशा अटी. का, तर धाकटं शहाणं निघालं तर थोरल्याला, म्हणजे महागड्या लॅपटॉपला, कोण विचारणार? २००९ च्या विंडोज सेव्हन स्टार्टरमध्ये तर मागचं चित्रसुद्धा बदलायची परवानगी नव्हती. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रावर स्वतःच्या लेकराचा फोटो लावायचा नाही! सावत्र आईसुद्धा भिंतीला खिळा ठोकू देते.

आणि मजा म्हणजे त्याच २००९ मध्ये शहाण्यांसाठी तिसरी वाट उघडली होती. इंटेलच्याच कमी विजेवर चालणाऱ्या, पण अ‍ॅटमपेक्षा दमदार चिपा घालून एसर, असूस वगैरेंनी अकरा ते तेरा इंची सडपातळ लॅपटॉप काढले. नेटबुकपेक्षा काही हजार जास्त, पण पडदा माणसाच्या उंचीचा आणि बॅटरी बराच वेळ टिकणारी. आमच्या घरी तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, पाच-सात हजार जास्त टाकू, पण हा घेऊ." आणि मी, स्वतःच्या तोंडाने सांगते, म्हणाले होते, "एवढ्यात एक शेळी येते." आम्ही नेटबुक घेतलं. ते दोन वर्षांत माळ्यावर गेलं. शेळीही घेतली नाही, तो भाग वेगळा. पुढे आयपॅड आला, २०११ मध्ये इंटेलने 'अल्ट्राबुक'चा डंका पिटला, आणि २०१२ संपता संपता नेटबुकचा कारखाना बंद झाला. तेराव्यालासुद्धा कुणी आलं नाही.

मेलं म्हणता म्हणता ते नाव बदलून नांदायला आलंय बरं का! यंदा लेकीला कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला आणि आम्ही पुण्याला दुकानं हिंडलो. पहिल्याच दुकानात पोरगा अकरा इंची, फुलपाखरासारखा लॅपटॉप पुढे करतो. किंमत अशी की माझा हात पर्सकडे गेलाच. लेकीने मागचं लेबल वाचलं: चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी साठवण, तीही आत चिकटवलेली, बदलता न येणारी. "आई, विंडोज ११ ला कमीत कमी एवढंच लागतं. म्हणजे घरमालक आत आला की भाडेकरूला जागाच नाही. ऊठ." मी उठले. पोरगी माझ्यावर गेलेली नाही, देवाची कृपा.

मग कुणीतरी कानात सांगितलं, सेकंडहॅंड बघा. सेकंडहॅंड! आमच्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "दुसऱ्याचा उतरवलेला? पोरीच्या शिक्षणाला?" पण भानगड भलतीच रसाळ आहे. मोठमोठ्या कंपन्या आपल्या लोकांना चांगले, मजबूत, हलके लॅपटॉप देतात, तेही पुष्कळदा भाड्याने. तीन-चार वर्षं झाली की सगळे एकदम परत. मग व्यापारी ते गठ्ठ्याने उचलतात, पुसतात, बॅटरी-डिस्क बदलतात आणि विकतात. नवा असताना लाखाच्या घरातला साडेबारा इंची काळा ठोकळा वीस-बावीस हजारांत. नेटबुकपेक्षा थोडा मोठा, पण कळफलक असा की टाइप करताना बोटांना शेत नांगरल्यासारखं वाटत नाही.

मात्र इथे कुळी बघावी लागते. लग्नात लोक सात पिढ्या बघतात, इथे आठवी लागते! इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची नसेल तर विंडोज ११ त्याला अधिकृतपणे घरात घेत नाही, आणि विंडोज १० चा मोफत आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आय-फाइव्हच्या पुढचा आकडा आठने किंवा त्यापुढच्या पिढीच्या आकड्याने सुरू होतो का, एवढं बघायचं. दुकानदार "एकदम खानदानी आहे मॅडम" म्हणत होता, आकडा निघाला सहाने सुरू होणारा. आम्ही दोन पिढ्या पुढचा काढायला लावला.

आमच्याला खाली एक अर्धवट खरवडलेलं लेबल आहे. कंपनीचं नाव गेलंय, 'हिंजवडी' एवढंच शाबूत. लेकीने ते सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हातारी दोन क्षण गप्प. मग म्हणाली, "म्हंजे आपल्याच तालुक्यातून गेला, पुण्यात दलाली देऊन परत आपल्याच घरी आला. दुधाचंबी तसंच हाय." आणि लगेच उठून त्याच्यावर तुळशीपत्र ठेवलं. कुंकू नको म्हणून मी हात धरला.

तर आता या रविवारची गोष्ट. लेकीला काट्यावर जायचंच होतं. भरला तो १.२१०. वरच्या आळीचे नेमके तिथेच. वीस ग्रॅमच्या विजयाने मिशीला पीळ देत बसलेले, मांडीवर लॅपटॉप चालू करून चार जणांना दाखवत. आमची पोरगी वाकून बघायला लागली आणि म्हणाली, "काका, मागं ही खिंड कसली?"

खरंच, मागच्या कडेला बोटभर रुंद पोकळी. त्या मॉडेलला दोन बॅटऱ्या असतात, एक आत लपलेली आणि एक मागून काढता येणारी. मागची काढली तरी आतल्यावर यंत्र चालू राहतं, म्हणून कुणाला संशय आला नाही. काका म्हणाले, ती घरी चार्जिंगला आहे. बोलता बोलता खिशातून रुमाल काढायला गेले, तर बॅटरी ठण्‌कन गिरणीच्या फरशीवर!

काय सांगू तो गोंधळ. कुणी म्हणे फसवणूक, कुणी म्हणे ग्रामसभेत घ्या. बॅटरी जोडून भरलं तर १.४१०. पाचवा नंबर. दादांनी ओल्या फडक्याने १.१९० पुसला आणि खडू घेतला. आमच्या लेकीचा आकडा वर चढवतील म्हणून मी डबा खाली ठेवून पदर सावरला. पण त्यांनी पुसलेल्या जागी लिहिलं: 'बॅटरी व चार्जरसह भरावे. पंचा चालणार नाही.'