बाटलीचा भाव, थेंबाचा हिशेब

काचबिंदूचं औषध घेताना दुकानात प्रश्न एकच: बाटली केवढ्याला? स्वस्तातली द्या.

पण डोळ्यात बाटली जात नाही. थेंब जातो.

मग बाटलीत थेंब किती, हे खोक्यावर का छापत नाहीत?

लॅटानोप्रॉस्ट या काचबिंदूच्या औषधाची बाटली सहसा अडीच मिलिलिटरची. रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, म्हणजे महिन्याला 60. थेंब 30 मायक्रोलिटरचा पडला तर बाटलीतून 80 च्या वर निघतात. 50 चा पडला तर फक्त 50, आणि पंचविसाव्या दिवशी बाटली रिकामी. मग वर्षाला 12 नाही, 15 बाटल्या घ्या. कुठे गेली स्वस्ताई?

बरं, मोठा थेंब जास्त काम करतो का? मुळीच नाही. पापणीआड जेमतेम 30 मायक्रोलिटर मावतं. बाकीचं औषध गालावर.

पैसे मात्र पूर्ण थेंबाचे.

लॅटानोप्रॉस्ट आणि काचबिंदूचं दुसरं औषध टिमोलॉल, ही दोन्ही 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यांच्या कमाल किमतीही सरकारने बांधल्यात. चांगलंच झालं. पण किंमत बांधली मिलिलिटरला. ड्रॉपरचं तोंड केवढं असावं, ते कोण बांधणार?

टिमोलॉल जुनं आणि बरंच स्वस्त. पण दिवसातून बहुधा दोनदा टाकावं लागतं. सकाळचा थेंब शेतावर जायच्या घाईत राहतो, आणि राहिलेला थेंब डोळ्यातला दाब कमी करत नाही. शिवाय दमा असेल तर हे औषध धोक्याचं. थेंब नाकावाटे रक्तात उतरतो आणि श्वासनळ्या आवळतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना दम्याचं कशाला सांगायचं, असं वाटतं ना?

सांगायचंच.

लॅटानोप्रॉस्ट दिवसातून एकदाच, हे सुख. पण बहुतेक कंपन्यांची बाटली उघडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावी लागते. मे महिन्यात तालुक्याहून एसटीने घरी येईपर्यंत तिचं काय होतं, हे कुणी विचारतं? दोन औषधं लागत असतील तर एकाच बाटलीत दोन्ही मिळतात का, हे तरी विचारा. वेगवेगळी असतील तर मध्ये पाच मिनिटं थांबावं लागतं, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला वाहून नेतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याबद्दल कुणीच बोलत नाही. संधिवाताने आखडलेली बोटं, थरथरता हात, आणि दाबता दाबत नाही अशी कडक बाटली. सत्तरीच्या आजींनी पाच थेंब सांडून एक डोळ्यात घातला, तर त्या थेंबाची किंमत सहापट झाली. दवाखान्यात दाब मोजतात, चिठ्ठी लिहितात. थेंब टाकून दाखवा, असं किती जण म्हणतात?

आणि दाब उतरला नाही की आणखी महागडं औषध लिहून मिळतं.

म्हणून पुढच्या वेळी बाटली सोबत न्या. डॉक्टरांसमोर थेंब टाका. खालची पापणी ओढून एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. औषध डोळ्यातच राहतं. बाटली दाबता येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी रोज टाकायला सांगा. परवडत नसेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा, स्वस्तातला पर्याय बहुधा असतो. पण आपल्या मनाने औषध बंद करू नका. काचबिंदूने गेलेली नजर कुठल्याही औषधाने, कुठल्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही.