एक गुडघा कंट्रोल

तालुक्याच्या गावाला असे एक सर असतातच. आमच्या शेवगावातले सर पैठण रस्त्याने मोटारसायकलवर निघाले की त्यांची नजर रस्त्यावर कमी आणि ओढ्याकाठच्या निर्गुंडीवर जास्त. विषय वनस्पतिशास्त्र आणि पीएचडी चालू. कधीपासून चालू, ते वहिनींसमोर विचारू नये.

'निर्गुंडीच्या पाल्यानं सूज उतरते' असं कुणी म्हटलं की सर चष्मा वर सरकवून विचारणार, "कशाच्या तुलनेत?" लग्नात कुणी बुंदी चांगली झालीय म्हणालं तरी तेच. वहिनींनी एकदा भाजी कशी झालीय म्हणून विचारलं आणि हेच उत्तर आलं. त्या रात्री सरांनी स्वतः पिठलं केलं.

सरांचा निर्गुंडीवर विश्वास नाही असं मात्र नाही. उलट पोटच्या पोरीसारखी माया. म्हणूनच तिला पुराव्यानिशी उजवायची घाई. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात जो पाला आमच्या आज्या डोळे झाकून टाकायच्या, त्याची फांदी सरांनी रद्दीत दाबून वाळवली आणि पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे पाठवली. निर्गुंडी ही निर्गुंडीच आहे, असा कागद आला. तो त्यांनी लॅमिनेट करून घेतला.

पाला सावलीत वाळवायचा असतो, म्हणून जिन्याखालची जागा गेली. दळायचा असतो, म्हणून वहिनींचा मिक्सर गेला. पुढे बरेच दिवस शेंगदाण्याच्या कुटाला निर्गुंडीचा वास येत होता.

कॉलेजातला प्रयोग मात्र बघण्यासारखा. डीपीपीएच नावाचं गडद जांभळं द्रावण असतं. ते म्हणजे मुळातच मोकाट सुटलेले मूलक. त्यात पाल्याचा अर्क घालून अर्धा तास अंधारात ठेवायचं. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उतरून पिवळा होतो. मग ५१७ नॅनोमीटरवर यंत्रातून आकडा काढायचा आणि क जीवनसत्त्वाच्या आकड्याशेजारी मांडायचा. तो अर्धा तास सर कपाटाला पाठ लावून उभे असतात. शिपायालाही उघडू देत नाहीत.

सुजेचं जरा अवघड. त्यासाठी १९६२ पासून रूढ झालेली पद्धत आहे: पांढऱ्या उंदराच्या पंजात समुद्री शेवाळातलं कॅराजीनन टोचायचं आणि औषध दिलेल्या उंदराची सूज किती कमी राहते ते मोजायचं. पण त्याला नीतिसमितीची परवानगी लागते. (घरातल्या उंदरांना लागत नाही, पण ते पंजा देत नाहीत.) म्हणून सर अंड्यावर आले. पांढरा बलक तापवला की गढुळतो. अर्कानं आणि डायक्लोफेनॅकनं ते गढुळणं किती थांबतं ते बघायचं. घर माळकरी. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं अंडं डब्याच्या पिशवीत सापडलं तेव्हा सर पुटपुटले, "खायला नाही, प्रथिनाला आहे."

शेवटी राहिल्या त्यांच्या मातोश्री. दोन्ही गुडघे धरलेले. सरांनी डाव्याला तव्यावर गरम केलेला पाला बांधला आणि बजावलं, "उजव्याला काही लावायचं नाही. तो कंट्रोल आहे."

सकाळी बघतात तर दोन्हीकडे फडकी!

"अरे, तोही माझाच आहे ना?" आजी म्हणाल्या.

सरांनी वहीत 'रुग्णाचं सहकार्य नाही' अशी नोंद केली, खाली तारीख घातली आणि तवा तापत ठेवायला उठले. दोन्हीकडचा पाला निवला होता.