दोन स्वल्पविरामांतला सीमावाद

इंग्रजीत नावापाठोपाठ दोन स्वल्पविराम टाकून मध्ये ओळख बसवायची भारी सोय आहे. ‘निपाणी, अ टोबॅको टाउन,’ इथवर कुणाचं काही बिघडत नाही. तंबाखूवर महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांचं एकमत आहे. पण ‘बेळगावी, अ सिटी इन कर्नाटका,’ आणि ‘बेलगाम, द डिस्प्युटेड बॉर्डर सिटी,’ म्हटलं की 1956 पासूनचं भांडण स्वल्पविरामांच्या त्या दोन शेपट्यांमध्ये मावतं. वाक्याचं क्रियापद पुढे पावसापाण्याचं बोलत असतं. दावा मात्र त्याला न विचारता मधल्या मध्ये उरकलेला असतो. कुणी म्हणेल, परमुलखातल्या वाचकाला गाव कुठं आहे ते सांगायला नको का? सांगावं की! पण 2014 साली बदललेलं ‘बेळगावी’ हे नाव छापलं, की निम्मं सांगून झालेलंच असतं. आणि आपण मराठीवाले तरी कुठले सोवळे? आपण ‘कर्नाटकव्याप्त’ हे विशेषण नावाआधीच लावतो, तेही हलगी वाजवत. हलगी निदान ऐकू तरी येते.

दोन स्वल्पविरामांतला पदबंध गाळला तरी वाक्य शाबूत राहतं, असं व्याकरण सांगतं. वाद मात्र असा गाळता येत नाही. बेळगाव-निपाणीसह 865 गावांवर हक्क सांगणाऱ्या महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तिथं अजून पूर्णविराम पडलेला नाही.