ऐंशी किलोंचे गृहस्थ आणि आडवी दांडी

१८२० साली प्रशियाच्या सरकारने आडव्या दांडीला लोंबकळण्यावर बंदी घातली. त्याचे असे झाले, की नेपोलियनने जर्मनांना सपाटून मार दिल्यावर फ्रीडरिश लुडविग यान नावाच्या एका मास्तराने १८११ मध्ये बर्लिनजवळ हाझेनहाइडे इथे पोरांसाठी उघडे मैदान काढले. तिथे दांड्या, खांब, दोर, शिड्या असा सगळा सरंजाम होता. पोरांचे दंड भरले की देशही उभा राहील, असा त्याचा हिशेब. पुढे नेपोलियन गेला, पण पोरे काही दांडीवरून उतरेनात. उलट लोंबकळता लोंबकळता एकसंध जर्मनीच्या गोष्टी बोलू लागली. राजेसाहेबांना हे पचले नाही. यान १८१९ मध्ये आत गेला, मैदाने बंद झाली आणि ही बंदी १८४२ पर्यंत चालली. आपल्याकडेही फार वेगळे नव्हते. चापेकर बंधूंनी पुण्यात तरुणांना जमवून व्यायाम सुरू केला होता. १८९७ मध्ये प्लेग अधिकारी रँडचा वध झाल्यावर तालमीत घुमणाऱ्या पोरांकडे सरकार संशयाने पाहू लागले.

आज ठाण्यातल्या महापालिकेच्या एखाद्या उद्यानात पहाटे दांडीखाली उभ्या असलेल्या गृहस्थांकडे पाहून मात्र कोणत्याही सरकारची झोप उडायचे कारण नाही.

हे गृहस्थ प्रत्येक उद्यानात असतात. वय पंचेचाळीसच्या आगेमागे, वजन ऐंशी किलो, नोकरी बँकेत. जिमची वर्षाची फी एकरकमी भरून जेमतेम जानेवारी गाठण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी असतो. त्यामुळे एके रात्री मोबाईलवर कॅलिस्थेनिक्सचे व्हिडिओ दिसले, तेव्हा त्यांचे मन भरून आले. ना यंत्र, ना वजने, ना ट्रेनर, ना फी. लागते फक्त स्वतःचे शरीर, आणि ते तर घरात होतेच. न्यूयॉर्कच्या बागांमधली पोरे दांडीवर माकडचेष्टा करता करता जगभर प्रसिद्ध झाली, २०११ मध्ये लाटव्हियातल्या रिगा शहरात या प्रकाराची जागतिक स्पर्धाही भरली, हे गृहस्थांनी त्या रात्री एकच्या सुमारास वाचले. शेजारी झोपलेल्या पत्नीने कूस बदलत विचारले, “अहो, उद्या दूध कोण आणणार?” गृहस्थ म्हणाले, “मी. मी उद्यापासून पाचला उठणार आहे.” बाईंनी याआधीही हे वाक्य ऐकलेले असल्यामुळे त्या लगेच झोपी गेल्या.

फुकटच्या व्यायामातली गोम दुसऱ्या दिवशी दांडीला हात घातल्यावर कळते. जिममध्ये पाच किलोचे डंबेल जड वाटले तर शेजारचे तीन किलोचे घेता येते. कोणी पाहत नाही. इथे वजन निवडायची सोय नाही. ते आधीच निवडलेले आहे, आणि साबुदाण्याची खिचडी, बटाटेवडे, लग्नातली दुसरी पंगत असे अनेक वर्षे कष्टाने जमवलेले आहे. दांडीला लोंबकळणारा माणूस आपले सगळेच्या सगळे वजन उचलू पाहत असतो. त्यात उधारी चालत नाही. आपले गृहस्थ लोंबकळले, कपाळाची शीर ताठ केली, पाय झाडले, तोंडाने काही शब्द काढले आणि जमिनीपासून होते तेवढ्याच उंचीवर राहिले. बाजूला सहावी-सातवीतला एक काटकुळा मुलगा त्याच दांडीवर सरसर वर-खाली करत होता. त्याने दया येऊन विचारले, “काका, उचलू का?”

यात गृहस्थांचा आळस पुष्कळ असला तरी सगळा दोष त्यांचा नाही. थोडा भूमितीचा आहे. गॅलिलिओने १६३८ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात हे दाखवून दिले होते: आकार वाढला की वजन घनाच्या हिशेबाने वाढते, पण ताकद वर्गाच्या हिशेबाने, कारण ती स्नायूच्या जाडीवर अवलंबून असते. एखादा माणूस त्याच ठेवणीत दहा टक्क्यांनी मोठा केला, तर त्याची ताकद २१ टक्के वाढेल आणि वजन ३३ टक्के. म्हणून सिमोन बाइल्स चार फूट आठ इंचांची आहे आणि जिम्नॅस्टिक्सच्या दांडीवर सहा फुटी पैलवान सहसा दिसत नाहीत. गृहस्थांनी हे गणित घरी सांगून पाहिले. “म्हणजे तुझी उंची जास्त आहे म्हणून?” असे त्यांच्या आईने विचारले. गृहस्थांची उंची पाच फूट पाच.

दांडी जमेना तेव्हा ते जमिनीवर आले. जोर काढताना, म्हणजे ज्याला मुले आता पुशअप म्हणतात ते करताना, हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे ६४ टक्के भार येतो. ऐंशी किलोंच्या माणसासाठी तो झाला एक्कावन्न किलो, म्हणजे सिमेंटच्या गोणीपेक्षा किलोभर जास्तच. गुडघे टेकले तर भार निम्म्यावर येतो. हात दोन फूट उंच बाकावर ठेवले तर ४१ टक्क्यांवर. भिंतीला टेकून उभ्याने केले तर त्याहून पुष्कळ कमी. या व्यायामाची सगळी मेख इथे आहे: वजन बदलता येत नाही, पण कोन बदलता येतो. भिंत, मग ओटा, मग बाक, मग जमीन, असे उतरत जायचे. आणि अंगात आल्यावर पाय बाकावर नि हात जमिनीवर. म्हणजे प्रगती करणारा माणूस दिवसेंदिवस खालीखाली जाताना दिसतो. गृहस्थांनी स्वयंपाकघराच्या ओट्यापासून सुरुवात केली. तिथे सकाळी डब्यांची घाई असते. “जरा कढई सरकवता का,” या वाक्यावर त्यांचे बरेच सेट मोडले.

दांडीसाठीही असाच एक उतारा आहे. वर जाता येत नसेल तर खाली या. स्नायू आखडताना जेवढा भार उचलतो, त्याहून जास्त भार तो ताण धरून लांबत जाताना पेलू शकतो. म्हणून स्टुलावर चढून हनुवटी दांडीच्या वर न्यायची, स्टूल सोडायचे आणि दात-ओठ खात सावकाश उतरायचे. गृहस्थांना ही युक्ती मनापासून आवडली. वर जाण्याचे काम स्टुलाने करायचे आणि श्रेय स्वतः घ्यायचे, ही कार्यपद्धती त्यांना कार्यालयातून परिचयाची होती. फक्त या प्रकाराचा एक गुण त्यांना कोणी सांगितला नव्हता. उतरणीचा व्यायाम स्नायूंना चढणीपेक्षा जास्त दुखवतो, आणि ती दुखण्याची लाट त्याच दिवशी येत नाही; एक ते तीन दिवसांनी कळस गाठते. तेव्हा पहिला दिवस सुखात गेला. गृहस्थांनी जेवताना “शरीराला सवय होती म्हणायची” असे उद्गारही काढले. दोन दिवसांनी लोकलमध्ये वरची कडी पकडायला हात वर जाईना. कोपर सरळ होईना. अर्धवट दुमडलेल्या हातांनी ते डब्यात उभे राहिले, आणि एका सहप्रवाशाने त्यांना घोडबंदरचा हाडवैद्य सुचवला.

सोबत बैठकाही चालू होत्या, त्यांचे दुखणे शरीराच्या खालच्या मजल्यावर. जिने चढताना ते फारसे कळत नाही, उतरताना कळते. कारण पुन्हा तेच, उतरताना मांडीचा स्नायू लांबत जाऊन भार पेलतो. त्यामुळे त्या आठवड्यात गृहस्थ पूल उतरताना एकेका पायरीवर तिरके होऊन उतरत.

उद्यानात सल्ला मात्र फुकट आणि मुबलक. “या वयात बैठका? वाटी सरकेल,” असे सांगणारे एक निवृत्त काका स्वतः कट्ट्यावरून उठताना दोन्ही हातांनी कट्टा ढकलतात, जो खरे तर चांगला व्यायाम आहे. दुसरे एक आजोबा दिसेल त्याला गामा पैलवान सांगतात. गामा रोज पाच हजार बैठका आणि तीन हजार जोर काढी, अशी कथा आहे. गृहस्थ बँकेतले, त्यांनी आकडेमोड केली. बैठकेला दोन सेकंद धरले तर पावणेतीन तास. जोरांनाही तेवढेच धरले तर आणखी एक तास चाळीस मिनिटे. म्हणजे साडेचार तास, आणि त्यात आंघोळ नाही. कुस्त्या वेगळ्याच. गामाने १९१० मध्ये लंडन गाजवले. त्याला सकाळची लोकल पकडायची नव्हती, हा मुद्दा आजोबांना पटला नाही.

विनासाधन व्यायामाचे वेड इकडे पहिल्यांदाच आलेले नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी अली आणि गुलाब हे निजामाचे दोन पैलवान आव्हान देऊन बसले, तेव्हा बाळंभटदादा देवधर नावाचा कोवळा तरुण पुढे झाला. मुदत मागून तो वणीला सप्तशृंगीच्या पायाशी गेला आणि तिथे मारुतीने त्याला लाकडी खांबावर डाव शिकवले, अशी आख्यायिका आहे. त्याने अलीला पाडले, गुलाबाने काढता पाय घेतला. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त उल्लेख असलेला मल्लखांब असा पुन्हा उभा राहिला आणि पेशव्यांबरोबर ब्रह्मावर्तालाही गेला. एक खांब आणि थोडे एरंडेल तेल. एरंडेलाचा इतका चांगला उपयोग दुसऱ्या कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

पण गृहस्थांना सर्वांत जवळचे वाटावेत असे पूर्वसूरी म्हणजे औंधचे राजे, भवानराव पंतप्रतिनिधी. यांनीही सुरुवात परदेशी पाकीट फोडूनच केली. युजीन सँडो या जगप्रसिद्ध बलभीमाची उपकरणे आणि पुस्तके मागवून त्यांनी काही वर्षे त्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि असे वळले, की संस्थानातल्या शाळांची सुटका राहिली नाही. स्वतः राजा रोज नमस्कार घालणार, राणीसाहेब घालणार, मुले घालणार, मग मास्तरांनी कुठल्या तोंडाने नाही म्हणायचे? त्यांच्या पद्धतीचे ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक १९३८ मध्ये लंडनला निघाले. ते लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केले होते. साताऱ्याच्या एका छोट्या संस्थानाचा सत्तरीतला राजा इंग्रज बायकांना घरच्या घरी वाकायला शिकवतो, हा प्रसंग मोठा गोड आहे. चित्रे काढणारा, कीर्तन करणारा, राज्यकारभार प्रजेच्या हाती देऊन टाकणारा हा माणूस व्यायामाच्या बाबतीत मात्र एकाही प्रजाजनाला सूट द्यायला तयार नव्हता. आणि ज्या सँडोला त्यांनी सोडले, त्याची महाराष्ट्रात टिकून राहिलेली मुख्य खूण म्हणजे बिनबाह्यांचे बनियन. आपले गृहस्थ पहाटे तेच घालून येतात.

यानच्या बर्लिनलाही आपली माणसे जाऊन आली आहेत. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. दादरच्या शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिरात आजही संध्याकाळी मुली दोरावरून उलट्या लटकतात. २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच मैदानावर झाली. तिथे अंध मुलांनाही मल्लखांब शिकवणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. गृहस्थ एकदा आपल्या मुलीला तिथे घेऊन गेले. पहिल्या तासाला मुलगी दोरावर तीन हात चढली. बापाने “मीही लहानपणी...” म्हणून सुरू केलेले वाक्य तिथेच सोडले.

पावसाळ्यात उद्यानातली दांडी घसरडी होते, म्हणून गृहस्थांनी दाराच्या चौकटीत बसणारी दांडी मागवली. चौकट दारासाठी केलेली असते, ऐंशी किलोंसाठी नव्हे. गिलावा पडला, गृहस्थ पडले, खालच्या मजल्यावरून फोन आला. तरी ते हटले नाहीत. ऑगस्टभर भर पावसात हातरुमालाने दांडी पुसून उतरत राहिले. आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. दंडाचा घेर तेवढाच, वजनात दीड किलोचा फरक, पण लोंबकळल्यावर कोपर वाकू लागले. याचे कारण मेंदूत असते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत स्नायू फारसा वाढत नाही. आहेत त्या तंतूंपैकी जास्त तंतूंना एकदम कामाला लावायला मेंदू शिकतो. बँकेत पाच खिडक्या असताना दोनच उघड्या असाव्यात आणि गर्दी वाढल्यावर साहेबांनी उरलेल्या उघडाव्यात, तसे. गृहस्थांना ही उपमा कोणी सांगितली तेव्हा ते जरा दुखावले. स्नायुबंध मात्र स्नायूंपेक्षा सावकाश तयार होतात. “हुरळून जाऊन रोज करू नका काका, कोपर धरेल,” हे त्या सातवीतल्या मुलाने सांगितले. त्याने ते कुठल्याशा व्हिडिओत ऐकले होते आणि ते बरोबर होते.

गणपतीच्या आसपास एका सकाळी स्टूल न घेता गृहस्थ दांडीपर्यंत पोहोचले. कट्ट्यावरचे काका उभे राहिले, गामावाल्या आजोबांनी टाळी वाजवली. पोरांनी मात्र पुलअप मोजायला नकार दिला. नियम असा, की हनुवटी दांडीच्या वर गेली पाहिजे. गेली, असे गृहस्थांचे म्हणणे. वरची गेली, असे पोरांचे. खालची दांडीच्या खालीच होती. दोन हनुवट्या असलेल्या माणसाची कोणती धरायची, याबद्दल रिगाच्या नियमावलीत काही आहे का, हे शोधायला एकाने मोबाईल काढला. तोवर गृहस्थ पुन्हा दांडीला लागले होते, कारण निर्णय विरुद्ध गेला तर हाताशी दुसरा पुरावा असावा, ही त्यांची नोकरीतली जुनी सवय.