साठ मिनिटांच्या तासास अनावृत पत्र

प्रति,
मा. साठ मिनिटांचा तास,
वर्गखोली (गरजेनुसार ऑनलाइन), गंगापूर रोड, नाशिक

विषय : आपल्या चिवटपणाबद्दल जाहीर अभिनंदन

महोदय,

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महाविद्यालयांना कुलपे लागली, तेव्हा आता आपलेही काही खरे नाही, अशी कुजबुज होती. फळा गेला, खडू गेला, शेवटच्या बाकावरची मंडळीही गेली. आपण मात्र जसेच्या तसे लॅपटॉपसमोर जाऊन बसलात. झूमच्या फुकट खात्याने चाळिसाव्या मिनिटाला बाहेर काढले, तर दुसरी लिंक टाकून उरलेली वीस मिनिटे वसूल केलीत.

‘आवाज येतोय का?’ ही नांदी, मग हजेरी, मग पीपीटीवरचा मजकूर मोठ्याने वाचणे. पेठ-सुरगाण्याकडे घरी परतलेली मुले रेंज शोधत फिरत होती आणि दिवसाचा डेटा दुपारीच संपत होता. पण अभ्यासक्रम ‘ऑनलाइन झाला’ अशी नोंद झाली. विषय शिल्लक राहिला असेल. पोर्शन मात्र संपला.

आपल्या याच गंगापूर रोडने धरणाकडे जात राहिले, की गोवर्धन शिवारात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ लागते. स्थापना १९८९ ची, पहिले कुलगुरू राम ताकवले. शिक्षक समोर नसताना शिकवायचे कसे, हा प्रश्न तिथे साथीच्या तीस वर्षे आधीपासून सोडवला जात होता. त्यासाठी कॅमेरा लागला नाही, पुस्तकाची मांडणी बदलावी लागली. धड्याचा ‘घटक’ झाला. सुरुवातीला उद्दिष्टे, मध्येच वाचकाला थांबवणारे स्वयं-अध्ययन प्रश्न, पुढे त्यांची उत्तरे, शेवटी सारांश. अडलेच तर अभ्यासकेंद्रावर संमंत्रक, म्हणजे शंका सोडवणारा शिक्षक. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठानेही १९७१ पासून बीबीसीवर कार्यक्रम दाखवले, पण भिस्त ठेवली ती टपालाने जाणाऱ्या पाठांवर आणि तपासून परत येणाऱ्या स्वाध्यायांवर.

आपण गोवर्धनच्या त्या विद्यापीठाच्या फाटकापर्यंत कधी गेला नाहीत, हे आपल्या स्वाभिमानाला शोभतेच. त्याच रस्त्याने वायनरीकडे निघालेले पर्यटक मात्र दर रविवारी तेवढे अंतर हसतखेळत कापतात.

दिल्लीनेही प्रयत्न करून पाहिला. २०१७ मध्ये आलेल्या ‘स्वयम्’ मंचावर अभ्यासक्रमाचे चार भाग ठरले : चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन. एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंत विषय तिथून घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ४० टक्क्यांवर नेली. आपण चारांतली चित्रफीत तेवढी उचललीत आणि बाकीच्या तिघांना विनावेतन रजेवर पाठवलेत.

ते तिघे कामावर परतले तर काय होईल, हे पाहायला अर्थशास्त्रातली मागणीची लवचीकता घ्या. दहा मिनिटांची चित्रफीत, मग आठवडाभर लासलगावच्या कांद्याचे भाव आणि गल्लीतल्या भाजीवाल्याकडचा खप यांची नोंद, त्यावर एक गणित, आणि प्रत्यक्ष भेटीत फक्त ‘भाव चढला तरी आईने कांदा का सोडला नाही?’ यावर वाद. यात साठ मिनिटे सलग बोलायला कोणालाच वाव नाही, हा त्यातला गंभीर दोष आपल्या लक्षात आलाच असेल.

प्राध्यापकांना हे सुचत नाही, असे नाही. पण असा एक घटक लिहायला कित्येक संध्याकाळी जातात आणि त्या कार्यभारात कुठेही दिसत नाहीत. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. मोजले जाता ते आपण! आपला चिवटपणा नेमका कुठून येतो, हे यावरून उघड व्हावे.

तरी नम्र विनंती, की राजीनामा वगैरे देऊ नये. त्या १६ तासांपैकी दोन तास घटक लिहिण्यासाठी मोकळे करावेत आणि ते कार्यभारात धरावेत, असे आपणच प्राचार्यांना लेखी कळवावे. आमच्या अर्जाला आवक क्रमांक मिळत नाही; आपल्या शब्दाला वेळापत्रकात वजन आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नाशिकचा विद्यार्थीवर्ग